‘अगं, दोनच थेंब तर आहेत!’

ताई,
मी ४१ वर्षांची, इंदिरानगरला राहते, क्लासमध्ये गणित शिकवते. आमचा पाच जणींचा ग्रुप मुलं बालवाडीत होती तेव्हापासूनचा. महिन्यातला एक रविवार मिसळीचा, हे ठरलेलं. यंदा एकीनं गंगापूर रोडला एक थाई-व्हिएतनामी हॉटेल शोधून काढलं. साधंच आहे, फार महागही नाही. तेव्हापासून मिसळ बंद आणि दर महिन्याला तिथंच.
मी जन्मापासून शाकाहारी, अंडंही नाही. कांदा-लसूण खाते, देवाधर्माचं फारसं करत नाही, पण हे एक कटाक्षानं पाळते. गेल्या वेळी कच्च्या पपईचं सॅलड मागवलं. ‘व्हेज आहे ना?’ असं विचारलं होतं. वेटर ‘हो’ म्हणाला. अर्धं खाऊन झाल्यावर पाणी द्यायला दुसरा मुलगा आला आणि सहज बोलून गेला की त्यात फिश सॉस असतो. मी काटा खाली ठेवला. त्यावर एक मैत्रीण म्हणाली, ‘अगं, दोनच थेंब तर आहेत!’ आणि सगळ्या हसल्या. हीच मैत्रीण श्रावणात केकसुद्धा बिनअंड्याचा शोधते. मग बिल आलं. त्यांची कोळंबी, दोघींची कॉकटेल्स, सगळं मिळून भागिले पाच. मी निमूट पैसे पाठवले. या महिन्यात ‘ताप आहे’ असं ग्रुपवर टाकलं आणि गेले नाही. नवरा म्हणतो, ‘मग जातेसच कशाला?’ मी ग्रुप सोडू का? की मीच राईचा पर्वत करतेय?
— सॅलडवाली, नाशिक

प्रिय सॅलडवाली,

राईचा पर्वत अजिबात नाही. आयुष्यभर जे तोंडात घातलं नाही ते नकळत पोटात गेलं की माणूस हलतंच. दोन थेंब होते की दोन चमचे, हा हिशेब ज्याला तो पदार्थ चालतो त्यालाच सुचतो. ज्याला चालत नाही त्याला थेंब काय आणि वाटी काय. काटा खाली ठेवलात ते योग्यच केलंत. पण तिथून थेट ‘ग्रुप सोडू का’पर्यंत पोचलात, ते मला पटत नाही. वेटरचं उत्तर, मैत्रिणीचं हसणं आणि बिलाचं भागिले पाच हे तीन वेगळे मामले आहेत आणि तीन वेगळ्या ठिकाणी बोलून सुटणारे आहेत. तुम्ही सगळ्याचं खापर त्या एका हसण्यावर फोडलंत.

वेटरपासून सुरुवात करू, कारण राग धरण्यासारखं तिथं सगळ्यात कमी आहे. तो खोटं बोलला असेल असं मला वाटत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच हॉटेलांत ‘व्हेज’ म्हणजे ‘तुकडे नाहीत’ एवढंच. पपईच्या सॅलडमध्ये, म्हणजे सोम तममध्ये, डोळ्यांना दिसतात त्या पपईच्या कातळ्या, टोमॅटो, चवळीच्या लांब शेंगा आणि शेंगदाणे. मग व्हेजच की! पण त्या मुलखातल्या स्वयंपाकात मासे ताटात दिसले नाहीत तरी बाटलीतून आलेले असतात. फिश सॉस कसा करतात हे एकदा समजून घ्या. अँकोव्ही नावाचे बोटभर मासे आणि मीठ यांचे थर मोठ्या पिंपात रचायचे, ते महिनोन्‌महिने, कित्येकदा वर्षभर मुरू द्यायचे आणि खाली उतरणारा तांबूस रस गाळून बाटल्यांत भरायचा. थायलंडमध्ये त्याला नाम प्ला म्हणतात, व्हिएतनाममध्ये नुओक माम. व्हिएतनामचं फू क्वॉक बेट तर या सॉससाठीच नावाजलेलं आहे. आपण जिथं मीठ घालतो तिथं त्यांच्याकडे हा पडतो. त्यामुळे सोम तम कुटणाऱ्याला आपण त्यात काही मांसाहारी ‘घातलं’ असं वाटतही नाही. थाई पद्धतीच्या सोम तममध्ये तर सुकटही पडते. वाचून तुम्हाला पुन्हा कसंतरी होईल, पण पुढच्या वेळी काय विचारायचं ते ठरवायला हे माहीत असलेलं बरं.

आणि ती एकच बाटली नाही. थाई करी हिरवी असो, लाल असो की पिवळी, तिचा जीव वाटणात असतो. त्या वाटणात मिरच्या, गवती चहाचे दांडे, गलंगल नावाचं आल्याच्या जातीचं मूळ आणि लसूण यांच्याबरोबर कोळंबीची आंबवलेली पेस्ट वाटलेली असते. थायलंडमध्ये तिला कापी म्हणतात, मलेशियात बेलाचान, इंडोनेशियात तेरासी. ब्रह्मदेशात हीच जागा ङापी घेते. टॉम यम या आंबट-तिखट थाई सूपच्या तयार पेस्टमध्ये कोळंबी असतेच असते असं समजून चाला. परतलेल्या भाज्यांना जी चकाकी येते ती अनेकदा ऑयस्टर सॉसची, म्हणजे कालवांची. फो या व्हिएतनामी नूडल सूपचा रस्सा मुळात हाडांचा. पॅड थाई या परतलेल्या नूडल्समध्ये अंडं, नासी गोरेंग या इंडोनेशियन फ्राइड राइसवर अंडं आणि शेजारी जो पांढरा कुरकुरीत पापड ठेवतात तो बहुधा कोळंबीचा. मुलांना तो फार आवडतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

हे वाचून ‘मग तिथं माझ्यासाठी आहे काय?’ असं वाटेल. पुष्कळ आहे. फक्त एक भेद लक्षात ठेवा, तो कामाला येतो. जो पदार्थ तुमची ऑर्डर गेल्यावर जुळवतात तो बदलून मिळतो. जो सकाळीच पातेल्यात तयार आहे तो मिळत नाही. सोम तम हे पहिल्या गटात येतं, दर ताटाला ते नव्यानं कुटतात. सुकट आणि फिश सॉस वगळून मीठ आणि सोया सॉस घाला म्हटलं तर त्यांचं काहीच अडत नाही. परतलेल्या भाज्या, फ्राइड राइस, तांदळाच्या पातळ पापडात गुंडाळलेले ताजे रोल हेही तसेच. करी आणि सूप यांचं मात्र तसं नाही. वाटणात गेलेली कोळंबी कुणी वेचून काढू शकत नाही आणि ‘मॅडम, आम्ही चिकन घालणार नाही’ हे आश्वासन तुमच्या कामाचं नाही.

‘व्हेज आहे ना?’ हा प्रश्न म्हणून बाद करा. तो विचारतानाच आपण ‘हो’ हे उत्तर समोरच्याच्या तोंडात ठेवतो. रविवारी रात्री साडेआठला पाच टेबलं सांभाळणारा पोरगा दुसरं काय म्हणणार? त्याऐवजी आदल्या दिवशी दुपारी तीन-साडेतीनला फोन करा. जेवणाची गर्दी ओसरलेली असते, रात्रीची तयारी लागायची असते, स्वयंपाकघरातला माणूस फोनवर येऊ शकतो. त्यालाच विचारा, मॅनेजरला नाही. ‘करीची पेस्ट तुम्ही वाटता की डब्यातली वापरता? डब्यातली असेल तर त्यावर हिरवा ठिपका आहे का?’ आपल्याकडे विकायला येणाऱ्या पाकिटावर-डब्यावर ती खूण छापावीच लागते, बाहेरून आलेल्या मालावरसुद्धा. शाकाहारी असेल तर हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका आणि नसेल तर तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण. कोळंबीविना केलेल्या थाई पेस्ट बाजारात मिळतात आणि शाकाहारी गिऱ्हाईक जास्त असलेल्या गावात पुष्कळ हॉटेलवाले त्याच घेतात. ऑयस्टर सॉसच्या जागी मशरूमचा सॉसही मिळतो. कदाचित तुमच्या त्या हॉटेलातली हिरवी करी पूर्ण शाकाहारी निघेल आणि सॅलडच तेवढं नसेल. विचारल्याशिवाय कळायचं नाही.

असं विचारताना ओशाळायचं कारण नाही. ‘तिथलं खायचं तर तिथल्यासारखं खावं’ असं तुमच्यातली एखादी म्हणेल, तर तिला सांगा की थायलंडमध्येच ‘जे’ नावाचं जेवण असतं. त्यात मांस-मासे नाहीत, अंडं नाही, फिश सॉस नाही आणि वर लसूण-कांदाही नाही. गाडीवर पिवळा झेंडा आणि त्यावर लाल अक्षरं दिसली की तिथं हे जेवण मिळतं. फुकेतला दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास नऊ दिवसांचा मोठा उत्सव असतो, तेव्हा माणसं हेच खातात. आपलं नवरात्र साधारण त्याच दिवसांत येतं. व्हिएतनाममध्ये कितीतरी बौद्ध घरांत चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला, म्हणजे जवळपास अमावास्या-पौर्णिमेला, शाकाहार पाळतात. तेव्हा फिश सॉस नको म्हणणाऱ्या तुम्ही काही पहिल्या नाही.

आता थोडं अवघड. कढई एकच असेल तर चालेल का? ज्या तेलात कोळंबी तळली त्यातच तुमचं टोफू तळलं तर? मैत्रिणीनं तिच्या करीतला चमचा तुमच्या भातात घातला तर? या प्रश्नांना माझं उत्तर चालायचं नाही, तुमचंच हवं. काही घरांत कढई वेगळी लागते, काहींना पदार्थात नसलं म्हणजे पुरे. दोन्ही ठीक. पण हे घरी बसून, शांत डोक्यानं आधीच ठरवा. कारण टेबलावर बसल्यावर ठरवायला गेलात की समोरचे चेहरे बघून ठरवाल. तुमचं उत्तर ‘वेगळी कढईच हवी’ असं असेल आणि हॉटेलकडे ती नसेल, तर ते हॉटेल तुमचं नव्हे. हे मैत्रिणींना सरळ सांगता येतं. ‘मला तिथं खाता येत नाही, दुसरीकडे जाऊ’ या वाक्यात कुणाचा अपमान नाही.

मागवायचं काय? या प्रकारच्या हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर थायलंड, व्हिएतनाम, ब्रह्मदेश, इंडोनेशिया सगळे एकाच पानावर नांदत असतात, त्याचा फायदा घ्या. खाऊ स्वे असेल तर जरूर बघा. नारळाच्या दुधाचा रस्सा, नूडल्स आणि वरून घ्यायला तळलेला कांदा, लिंबू, तिखट, दाणे अशा वाट्या. ब्रह्मदेशातून परतलेल्या भारतीय कुटुंबांबरोबर हा पदार्थ इकडे आला आणि इथल्या स्वयंपाकघरात त्याची शाकाहारी आवृत्ती चांगलीच रुळली. त्या रश्शाला दाटपणा हरभऱ्याच्या पिठानं येतो. ब्रह्मदेशच्या शान भागात तर टोफूही सोयाबीनचं नसतं, बेसनाचं असतं. पीठ पाण्यात शिजवून ताटात थापायचं आणि गार झालं की वड्या कापायच्या. आपली पाटवडीच म्हणा ना, फोडणी आणि खोबरं-कोथिंबीर विसरलेली! टेम्पे दिसलं तर तेही चाखून बघा. ते जावा बेटाचं, सोयाबीन आंबवून केलेलं, दाताखाली येणारं. गाडो-गाडोत उकडलेल्या भाज्या आणि दाण्याची चटणी असते, पण त्या चटणीत तेरासी आहे का ते विचारा आणि वरचं अंडं काढायला सांगा. शेवटी चिकट भात आणि आंबा. नारळाचं दूध, साखर, किंचित मीठ. इथं बहुधा काही विचारावं लागत नाही. आंब्याचा मोसम असेल तर जेवण सुरू करतानाच सांगून ठेवा, नंतर ‘संपला’ म्हणतात.

एक चुटपुट लागली ती सांगते. तुमच्या पत्रावरून वाटतं की तुम्ही पाच जणींनी पाच वेगळ्या डिश मागवल्या असाव्यात, जिची तिची ताटली जिच्या तिच्यापुढे. तिकडे असं जेवत नाहीत. भात प्रत्येकाच्या ताटात, बाकी सगळं मध्यभागी आणि प्रत्येक जण थोडं थोडं घेतो. टेबलासाठी मिळून मागवलं तर दोन-तीन शाकाहारी पदार्थ सगळ्यांचेच होतात आणि तुम्ही कोपऱ्यात एकटं सॅलड घेऊन बसलेल्या बाई राहत नाही. तुमच्या पदार्थांना वेगळे वाढायचे चमचे मागा आणि ते तुमच्या बाजूला ठेवा. आणि हो, कुणी चॉपस्टिक्स शिकवायला लागलं तर खुशाल नाही म्हणा. थाई माणूस भात चॉपस्टिक्सनं खातच नाही. उजव्या हातात चमचा, डाव्या हातातल्या काट्यानं घास त्यावर ढकलायचा, असं जेवतो. चिकट भात तर हातानंच.

आता मैत्रीण.

तुमच्या पत्रात एक गोष्ट मला सापडली नाही. काटा खाली ठेवल्यावर तुमच्यासाठी दुसरं काही कुणी मागवलं का? बहुधा नाही. आणि तुम्हीही मागवलं नाहीत. म्हणजे अर्धपोटी बसलात आणि पाचवा हिस्सा भरलात. त्या चौघींनी हसण्याऐवजी ‘अगं बाई, मग आता तुला काय मागवायचं?’ एवढं म्हटलं असतं, तर तुम्ही मला पत्रच लिहिलं नसतं. ते त्यांचं चुकलं, त्यावर पांघरूण घालायची माझी इच्छा नाही.

पण दुसरीही बाजू बघा. इतकी वर्षं तुम्ही मिसळ खात होतात. मटकी, तर्री, पाव, पापड, वर दही, पाचही ताटं सारखी आणि बिलही सारखं. तुमचा शाकाहार त्या टेबलावर कुणाला दिसायचं कारणच नव्हतं. ‘ती नॉनव्हेज खात नाही’ एवढं त्यांना माहीत असेल, पण ‘ती कटाक्षानं पाळते’ हे कुठून कळणार? तुम्ही तरी कधी बोललात? हॉटेल बदललं तेव्हाही बोलला नाहीत, असं पत्रावरून दिसतं. त्यांनी सुचवलं, तुम्ही मान डोलावली. काटा खाली ठेवलात तेव्हा तुमची रेघ त्यांना पहिल्यांदा दिसली. आणि पहिल्यांदाच दिसलेल्या गोष्टीवर माणसं कधीकधी मूर्खासारखी हसतात.

श्रावणवाल्या मैत्रिणीशी बोला. एकटीशी, आणि व्हॉट्सॲपवर तर मुळीच नको. तिथं तुम्ही चार ओळी लिहाल, ती अंगठा पाठवेल आणि उरलेल्या तिघी आपसात वेगळा ग्रुप करून चर्चा करतील. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी दोन फेऱ्या मारायला बोलवा. चालताना अवघड बोलणं सोपं जातं, कारण एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. म्हणायचं एवढंच: ‘त्या दिवशी तू हसलीस ते मला लागलं. तू श्रावणात जे पाळतेस ते मी बारा महिने पाळते. पुढच्या वेळी ऑर्डर देताना मी दोन-चार प्रश्न विचारणार आहे, तेव्हा माझ्या बाजूनं बोल.’ बस. शाकाहारावर भाषण नको, ‘तुला काय कळणार’ नको. ती श्रावण पाळते हे तिच्या तोंडावर मारण्यासाठी वापरू नका. स्वतःच्या श्रावणावरूनच तिला तुमचं म्हणणं कळेल, तिला समजायला ती एकच वाट पुरेशी आहे. ‘अगं, मी सहज म्हटलं गं’ असं ती म्हणाली तर तेच तिचं सॉरी समजा. आपल्या पिढीतल्या बायकांना सरळ सॉरी म्हणता येत नाही, त्या पुढच्या वेळी तुमच्यासाठी वेटरशी भांडतात. आणि समजा ती पुन्हा हसली, तर मात्र ‘ग्रुप सोडू का’ हा प्रश्न तुम्ही मला विचारायची गरज उरणार नाही.

बिलाचं मी थोडक्यात आटोपते, कारण त्यात गुंता कमी आणि संकोच जास्त आहे. तुम्ही गणित शिकवता, कंचेभागुबेव पोरांकडून रोज घोकून घेत असाल. आधी कंस, मग भागाकार. कोळंबी आणि कॉकटेल्स कंसात टाका, ज्यांची त्यांनी सोडवावीत. बाकीचं खुशाल भागिले पाच. हे बिल आल्यावर बोललात तर कोतेपणा वाटतो, मेन्यूकार्ड हातात असताना बोललात तर व्यवस्था वाटते. ‘ड्रिंक्सचं बिल वेगळं करा’ असं वेटरला सुरुवातीलाच सांगून ठेवा. दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर राज्याचा वेगळा कर लागतो, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी ते बिल तसंही वेगळंच फाडतात. जेवणावर साध्या रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के जीएसटी. मात्र तुमच्या नूडल्स तिच्या भातापेक्षा चाळीस रुपयांनी स्वस्त होत्या, असले हिशेब करत बसू नका. इतक्या वर्षांच्या मैत्रीत तेवढं इकडचं तिकडं होतच असतं.

बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ अशी ओळ असेल तर तिच्याकडे जरूर बघा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला काढलेल्या सूचनांनुसार हॉटेलला तो आपोआप बिलात लावता येत नाही आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्या सूचना कायम ठेवल्या. द्यायचा तर आपल्या खुशीनं. काढायला सांगा, हुज्जत घातली तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. पाणी द्यायला आलेल्या त्या मुलाला मात्र स्वतंत्र टिप द्या. खरं सांगणारा तिथं तोच एक होता.

तापाची थाप एकदा चालून गेली, दुसऱ्यांदा मारू नका. खोट्या तापावर मैत्रिणी खऱ्या काळजीनं फोन करतात, मग आपल्यालाच लाज वाटते. नवऱ्याच्या ‘मग जातेसच कशाला’वर फार विचार करू नका. पुरुषांचा ग्रुप मोडला की ते चहाच्या टपरीवर दुसरा जमवतात. तुम्ही बालवाडीपासूनच्या चार जणी पुन्हा कुठून आणणार आहात?

आणि पुढचा रविवार तुमच्या घरी ठेवा. एरवी मी ‘घरी बोलवा’ असा सल्ला देत नाही, घरी बोलावलं की राबणं आलं. पण इथं सोम तम करून खाऊ घालायचं आहे आणि त्याला गॅससुद्धा पेटवावा लागत नाही. गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात कच्ची पपई बघा. घट्ट, हिरवीगार, आतून पांढरी हवी. केशरी झाक असली तर नको. सोलून चीक धुऊन काढा, लांब लांब किसा आणि थंड पाण्यात दहा मिनिटं ठेवून निथळा. खलात लसणाच्या दोन पाकळ्या आणि झेपतील तेवढ्या हिरव्या मिरच्या ओबडधोबड ठेचा. त्यातच मूठभर भाजलेले दाणे, लिंबाएवढा गूळ, चिंचेचा कोळ दोन चमचे, एका मोठ्या लिंबाचा रस, मीठ आणि चमचाभर सोया सॉस. मग मोडलेल्या चवळीच्या शेंगा, चिरलेला टोमॅटो आणि शेवटी पपई. त्यांचा खल मातीचा आणि बत्ता लाकडी असतो, त्यामुळे पपई नुसती चेचली जाते, तिचा लगदा होत नाही. आपला लोखंडी खलबत्ता त्यासाठी फार जड. खोल पातेलं घ्या आणि लाटण्याच्या टोकानं हलकेच चेचा, दुसऱ्या हातातल्या डावानं खालचं वर करत राहा. चव घेऊन बघा. आंबट, गोड, तिखट, खारट यांतलं काही मागे पडलं असेल तर तेवढंच वाढवा. आधी करून फ्रीजमध्ये ठेवायचा मोह टाळा, मीठ लागलं की पपईला पाणी सुटतं. चौघीही आल्या, चपला काढून झाल्या, की मगच कुटायला घ्या, आणि लाटणं श्रावणवालीच्या हातात द्या.